चाळीस वर्षं मिटलेलं तोंड

आमच्या मेव्हण्याला सगळा बाजार मौनी म्हणायचा. खरं नाव कागदोपत्री होतं आणि ते तिथेच राहिलं.

बाजाराच्या टोकाला त्याची पिठाची गिरणी. खाली गिरणी, वर राहायच्या दोन खोल्या आणि बाहेरून सतरा पायऱ्यांचा लोखंडी जिना. मोटरचा खटका वर केला की ह्याचं तोंड मिटायचं, ते खटका खाली येईपर्यंत उघडायचं नाही. मग सगळा कारभार हातांनी. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर चोळलं, म्हणजे बारीक दळू का? मूठ आवळून सोडली, म्हणजे जाडसर? तळहात पालथा धरला, म्हणजे थांबा, आधी पुढच्यांचं. दळण घेऊन येणाऱ्या बायकाही इतक्या सरावल्या होत्या, की उंबऱ्यातून आत पाऊल टाकताच गप्प व्हायच्या आणि बोटं चोळायला लागायच्या. दोघी जावा होत्या, घरात एकमेकींशी चकार शब्द बोलत नसत. पण गिरणीच्या रांगेत त्याच दोघी हातवारे करून तासभर गप्पा मारताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात.

एकदा शाळेत बदलून आलेल्या एक बाई सासूला घेऊन दळणाला आल्या. त्यांना वाटलं, माणूस मुकाबहिरा आहे. ह्याच्या तोंडासमोर उभ्या राहून सासूच्या कानात ओरडून सांगायला लागल्या, "बिचारा हो! पण मेला बघतो कसा बैलासारखा!" तेवढ्यात दळण संपलं, मोटर थांबली. मौनीनं डब्याचं झाकण लावलं, डबा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "बाई, मला ऐकायला येतं. थोडं कमी येतं, पण येतं." त्यानंतर वर्षभर सासूबाई एकट्याच दळणाला येत होत्या.

माझा धंदा दगडाला टाकी लावायचा. चक्कीचे दगड दळून दळून गुळगुळीत होतात, मग धान्य भरडलं जात नाही, नुसतं तापतं. अशा वेळी दगड उतरवून छिन्नी-हातोडीनं त्याच्यावर पुन्हा खाचा पाडायच्या, त्याला टाकी लावणं म्हणतात. पंचक्रोशीतल्या सगळ्या गिरण्या मी फिरलोय, पण मौनीची गिरणी सगळ्यात स्वच्छ. तिथे मी पंचवीस वर्षांचा असताना पहिल्यांदा गेलो आणि दोन वर्षांनी माझी धाकटी बहीण त्याला दिली. बघायला आला तेव्हा तासभर बसून एक शब्द बोलला नाही. आमची आई मला आत बोलावून म्हणाली, "अरे, मुलगा बोलतो तरी का?" मी म्हटलं, "बोलतो की, मोटर बंद असली म्हणजे." लग्न झाल्यावर चार दिवस मी त्याला अहो-जाहो केलं. पाचव्या दिवशी तोच म्हणाला, "दादा, पुरे कर. आपल्या दोघांत कोणीतरी तिसराच बोलतोय असं वाटतंय." तेव्हापासून पुन्हा अरे-तुरे सुरू.

हे तोंड मिटणं त्याला बापानं शिकवलेलं. बापही गिरणीवालाच. पहिल्या दिवशी बापानं ह्याला समोर उभं केलं, तळहातावर मूठभर पीठ घेतलं आणि फू करून ह्याच्या तोंडावर उडवलं. हा खोकून खोकून लाल. बाप म्हणाला, "आत ओढलंस?" हा म्हणाला, "हो." "मग परत." असं सात की आठ वेळा. शेवटच्या वेळी पीठ उडालं तसं ह्याचं नाक वर गेलं, ओठ मिटले आणि घसा आतून आपोआप बंद झाला. बाप म्हणाला, "आता झालास गिरणीवाला." पुढे ते इतकं अंगात मुरलं की विचारू नका. लग्नानंतर आठवड्याभरात माझ्या बहिणीनं आरशासमोर पावडरचा डबा उघडला, तर हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला श्वास कोंडून उभा, डोळे बाहेर आलेले. ती बिचारी घाबरली, तिला वाटलं नवऱ्याला फेफरं आलं. त्या दिवसापासून तिनं पावडर गॅलरीत जाऊन लावायला सुरुवात केली.

पण तोंड मिटून माणूस किती मिटणार? श्वास तर घ्यावाच लागतो. चाळीस वर्षांत थोडं थोडं जायचं ते गेलंच. साठीच्या आसपास त्याला जिना जड व्हायला लागला. लोखंडी जिना, पावलागणिक वाजायचा. बहीण वर ओट्याशी उभी राहून कानानं मोजायची. आधी तो न थांबता वर यायचा. मग नवव्या पायरीला आवाज थांबायला लागला. मग सहाव्या. मला म्हणाली, "दादा, आज हे चौथ्यालाच थांबले. मी वरणाखालचा गॅस बंद केला तरी पाचवी वाजली नाही."

मी त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे आधी एका यंत्रात फुंकायचं होतं. यंत्रावरची बाई काय ओरडायची! "फुंका, फुंका, फुंका, सोडू नका, अजून, अजून आहे, अजून आहे तुमच्यात!" तिच्या ओरडण्यानं शेजारी बसलेला मीही फुंकायला लागलो आणि मलाच चक्कर आली. मौनीनं तिचं नाव फुंकणीवाली ठेवलं. तो त्याचा तेवढाच विनोद, त्यानंतर फार दिवस त्याच्याकडून एकही आला नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण सांगण्यात आडपडदा नव्हता. कागद समोर ठेवून म्हणाल्या, "श्वासाच्या नळ्या आतून सुजल्या आहेत. वर्षानुवर्षं पीठ बसून बसून. हा आजार जाणार नाही, हे आधीच सांगते. पण सूज उतरवता येते. सूज उतरली की वाट मोकळी होते."

त्यांनी दोन पंप दिले. निळा होता तो धाप लागली तर, लगेच आराम पडणारा. दुसरा रोजचा, सकाळ-संध्याकाळ, सूज उतरवायचा. त्यात एक कॅप्सूल टाकायची, पंप दाबून तिला भोकं पाडायची, तोंडात धरायचा आणि एका दमात जोरात आत ओढायचं. "ओढलं की कॅप्सूल आत खडखडते," त्या म्हणाल्या, "तो आवाज ऐकू आला, म्हणजे औषध गेलं. मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरा. आणि नंतर गुळण्या करून थुंका. विसरू नका."

मौनीनं विचारलं, "घेतल्यावर काय वाटेल?"

"काही नाही वाटणार. निळ्यानं वाटतं, ह्यानं नाही. हे औषध आत गुपचूप काम करतं. बरं वाटो न वाटो, रोज घ्यायचं. आणि गिरणीत जाणं बंद."

त्यानं औषध सुरू केलं. गिरणी काही बंद केली नाही.

तीन महिने गेले. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, एकदाही चुकला नाही. कॅलेंडरवर रोज दोन रेघा मारायचा. आणि पायऱ्या कमी होत गेल्या. जिभेवर पांढरे चट्टे आले. घसा बसला, तो बसलाय हे कळायलाच आम्हाला महिना लागला, कारण बोलतो कोण? चट्टे बघून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गुळण्या करता का? तर म्हणाला, "औषध घ्यायचं आणि लगेच धुऊन टाकायचं? मी नाही करत." त्यांनी कपाळाला हात लावला. चट्ट्यांवर वेगळं औषध दिलं. पुन्हा फुंकायला लावलं. फुंकणीवाली ओरडली, पण ह्या वेळी तिच्या ओरडण्यातही जोर नव्हता. आकडा आधीपेक्षा खाली आला होता.

"दोन महिने देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आकडा असाच घसरत राहिला, तर घरात ऑक्सिजनचं यंत्र आणि नाकाला नळी. मग जिना, बाजार, सगळं विसरा. एका खोलीत नळी पोचेल तेवढंच जग."

मी मौनीकडे बघितलं. तो भिंतीवरच्या चित्राकडे बघत होता. चित्रात फुप्फुसं होती, झाडासारखी काढलेली. त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. भीती नाही, राग नाही. घरी येताना मी त्याला हसवायला म्हणून जुन्या चार गोष्टी सांगितल्या, त्या मास्तरीणबाईंची पण सांगितली. तो ऐकत होता, मान हलवत होता. कोणीतरी दुसऱ्याची गोष्ट सांगावी तशी.

तेव्हापासून तो असाच झाला. जेवण समोर आलं की जेवायचा. मीठ नसलं तरी जेवायचा. लेकीचा फोन आला की "हो", "बरंय", "ठीक". लेक दुसऱ्या शहरात कापडाच्या कारखान्यात कामाला, ती मला वेगळा फोन करून रडायची, "मामा, बाबा असे का बोलतात? रागावले असते तरी चाललं असतं." मलाही काही वाटेनासं झालं होतं. रोज संध्याकाळी जाऊन त्याच्या शेजारी बसायचं, तो दोन रेघा मारताना बघायचं आणि परत यायचं.

मग मोटर जळली.

गिरणीची मोटर, जुनीच होती. आतली तार नव्यानं गुंडाळायला दिली, कारागीर म्हणाला दहा दिवस लागतील. दहा दिवस गिरणीला कुलूप. बहिणीनं ह्या संधीचा फायदा घेऊन त्याचे सगळे कपडे उकळत्या पाण्यात काढले, गिरणीची खोली धुतली, जिना धुतला, भिंती पुसल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा घरात कुठेही पीठ नव्हतं. मौनी काळा स्वेटर घालून खिडकीत बसायचा.

आता माझ्या बहिणीबद्दल एक सांगितलं पाहिजे. गिरणीवाल्याची बायको असल्यामुळे ती पिठाची जाणती झाली होती. नवऱ्याच्या कॉलरवरची धूळ झटकता झटकता ती सांगायची, आज गहू जास्त होता, आज मका. नुसतं बघून नव्हे, बोटावर घेऊन.

पाचव्या की सहाव्या दिवशी सकाळी मी गेलो, तर ती दारातच उभी. म्हणाली, "दादा, गिरणी बंद आहे ना?"

"हो की. कुलूप मीच लावलंय."

"मग हे पीठ कुठलं?"

तिनं मला आत नेलं. मौनी खिडकीत बसला होता. त्याच्या काळ्या स्वेटरवर छातीपाशी पांढरं, अगदी बारीक, श्वास सोडल्यावर काचेवर वाफ धरावी तसं. मिशीतही. तिनं बोट फिरवलं, अंगठ्यावर चोळलं.

"गहू नाही. मका नाही. इतकं बारीक आपला दगड दळतच नाही." आणि जिभेला लावलं. "गोड लागतंय."

मी पण चाखलं. गोडसर होतं, दुधाच्या भुकटीसारखं. मग तिची नजर कॅलेंडरखाली ठेवलेल्या पंपाकडे गेली. तिनं पंप उचलून त्याच्यासमोर धरला.

"अहो, मला घेऊन दाखवा."

"सातला घेतलंय."

"संध्याकाळचं आत्ता घ्या. दाखवा."

त्यानं कॅप्सूल घातली, दाबली, पंप तोंडात धरला. आणि मग आम्ही पाहिलं. त्याचं नाक वर गेलं. ओठ पंपाभोवती घट्ट मिटले. छाती फुगली, खांदे वर गेले, डोळे मिटले, सगळं अगदी जोरात ओढल्यासारखं. पण कॅप्सूल खडखडली नाही. घसा आतून बंद होता. श्वास त्यानं आधीच घेऊन ठेवला होता, पीठ दिसायच्या आधी. दहा आकडे मोजले. पंप काढला आणि श्वास सोडला, तशी गालांत अडकलेली पांढरी धूळ त्याच्या तोंडातून स्वेटरवर उडाली.

"खडखडलं का?" मी विचारलं.

"मला कसलं ऐकू येतंय," तो म्हणाला. चाळीस वर्षं त्या मोटरशेजारी उभं राहून त्याचे कान बारीक आवाजाला कधीच गेले होते. त्यामुळे कॅप्सूल खडखडते की नाही, हे त्याला कळायचं काही कारणच नव्हतं. त्याला वाटत होतं, आपण ओढतोय. मी म्हटलं, "मौन्या, तू ओढतच नाहीयेस. तीन महिने तू नुसतं तोंडात धरून बाहेर उडवतोयस."

तो म्हणाला, "ओढतो की."

"परत ओढ. रिकाम्याच पंपातून."

रिकाम्यातून ओढलं, तर झकास ओढलं. शिट्टी वाजली पंपात. मग पुन्हा कॅप्सूल घातली. पुन्हा नाक वर, पुन्हा घसा बंद. त्यालाही ते कळलं. त्यानं पंप खाली ठेवला, रेघा मारायची पेन्सिल उचलली, परत ठेवली. बहीण हसायला लागली, मी पण. हसताना ती मधेच थांबली आणि पदरानं त्याचा स्वेटर पुसायला लागली.

आम्ही दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं, त्याला घेऊन दाखवायला सांगितलं आणि खुर्चीत मागे टेकल्या. म्हणाल्या, "असं मी कधीच पाहिलं नाही. चूक माझी आहे, मी पहिल्या दिवशीच समोर घेऊन दाखवायला लावायला हवं होतं." मग त्यांनी पावडर बंद केली. औषध तेच, पण फवाऱ्याच्या पंपात. तो पंप एका जाड पारदर्शक नळकांड्याच्या एका टोकाला लावायचा, दुसरं टोक तोंडात, फवारा नळकांड्यात मारायचा आणि नेहमीसारखा सावकाश श्वास घ्यायचा. जोर लावायचा नाही.

मौनीनं फवारा मारला. नळकांड्यात पांढरा धूर पसरला. त्यानं तो बघितला आणि नाक वर गेलं.

"ही सवय मोडावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा त्यानं आपणहून काही विचारलं. "मोडली, की गिरणीत मी काय करायचं? तिथेही उघडंच राहणार तोंड."

"गिरणीत जाऊच नका. पहिल्या दिवसापासून तेच सांगतेय."

"जायचं नाही ते ठीक. पण समजा गेलो?"

"मग आत जाईल सगळं. औषध जाईल तसं पीठही जाईल."

बाहेर बाकावर बसलो. तो म्हणाला, "बापानं एकच गोष्ट शिकवली होती मला." मी म्हटलं, "अरे, माझ्या बापानं मला विडी शिकवली होती, मी सोडलीच की." त्याच्या तोंडावरची रेघ हलली नाही. विडीची गोष्ट मी पुढे सांगितलीच नाही.

मोटर गुंडाळून आली. त्यानं बसवून घेतली. गिरणी पुन्हा सुरू झाली, तो पुन्हा खाली जायला लागला. आणि घरी नळकांडं तोंडाला लावलं, की घसा बंद. दोन महिन्यांतले पंधरा दिवस असे गेले. बहीण भांडली नाही, रडली नाही. पायऱ्या मोजत राहिली.

एका दुपारी मी टाकी लावलेला दगड परत बसवला, मौनीनं मोटर सुरू केली आणि मी दाराशी हत्यारं गुंडाळत होतो. मौनी चालू दळण मला बघायला सांगून जेवायला म्हणून निघाला. पहिली पायरी वाजली, दुसरी वाजली, तिसरी वाजली. मग आवाजच बंद. मी बाहेर येऊन बघितलं, तर तो तिसऱ्या पायरीवर बसलेला. निळा पंप हातात, ओठ निळसर. वर दार उघडलं. बहीण खाली आली, त्याच्या वरच्या पायरीवर बसली. तो बोलू शकत नव्हता आणि ती बोलत नव्हती. मी खालीच उभा राहिलो, हातात हातोडी.

मग तिनं हात वर केला आणि सरळ खाली आणला.

गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाला ती खूण माहीत होती. खटका खाली. मोटर बंद करा.

तो तिच्या हाताकडे बघत राहिला. मला वाटलं, आता मान फिरवेल. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता, दुःखही नव्हतं, काहीच नव्हतं. मग त्यानंही हात वर केला आणि खाली आणला.

मी आत जाऊन खटका खाली केला. मोटर फिरत फिरत मंद झाली आणि थांबली. रांगेतल्या दोघी बायका बाहेर येऊन बघायला लागल्या. त्यांच्यातल्या एकीनं मला बोटं चोळून विचारलं, बारीक दळणाचं काय? मी तळहात पालथा धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीनं जुन्या जाड काळ्या कापडाची एक पिशवी शिवली. चक्कीच्या तोंडाला पीठ खाली पडायला जशी कापडी पिशवी बांधतात, तशीच, फक्त छोटी. ती तिनं नळकांड्यावर चढवली. आतला धूर दिसेना. म्हणाली, "डोळे मिटा. मी सांगेन तेव्हा श्वास घ्या. आणि काय घेताय त्याचा विचार करू नका."

पहिले दोन दिवस तरीही घसा बंद झाला. चव आली, की बंद. तिसऱ्या दिवशी तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि रिकाम्या नळकांड्यातून चार श्वास घ्यायला लावले. पाचव्याला न सांगता फवारा मारला. श्वास गेला. तो खोकला, डोळ्यांत पाणी आलं. तिनं गुळण्यांचं पाणी पुढे केलं. "परत," ती म्हणाली. मला त्याचा बाप आठवला. त्यालाही आठवला असणार, कारण त्यानं माझ्याकडे बघितलं.

महिना-दीड महिना. सकाळी सात, संध्याकाळी सात, पाठीवर हात, मग गुळण्या. दवाखान्यात फुंकणीवालीनं फुंकायला लावलं. कागद घेऊन ती स्वतःच आत पळाली. आकडा थोडासाच वर गेला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलेलं परत येणार नाही. पण घसरण थांबलीय. नळी नको." बहिणीनं त्यांचा हात धरला. डॉक्टरीणबाईंनी मौनीला विचारलं, "बरं वाटतंय ना?"

"वाटत काही नाही," तो म्हणाला. "पण जिना चढतो. अकराव्याला एकदा थांबतो."

गिरणी लेकीनं घेतली. कारखान्यातली नोकरी सोडून आली. कारखान्यात असतो तसा धूळ ओढून घेणारा पंखा आणि पाइप तिनं आधी बसवून घेतला, गाळणी लावलेला मास्क तोंडाला बांधला आणि मगच खटका वर केला. मास्क असल्यामुळे तीही बोलत नाही, हातानंच सांगते, त्यामुळे रांगेतल्या बायकांना काही बदलल्यासारखं वाटलंच नाही. एकजण मला म्हणाली, "बघा, मौनीची मुलगी अगदी बापावर गेलीय." मी म्हटलं, "तोंड बांधलेलं आहे, तुम्हाला दिसलं कसं?"

गिरणी पुन्हा सुरू झाल्याच्या दिवशी मौनी फक्त बघायला म्हणून उंबऱ्यापर्यंत गेला. लेकीनं गहू ओतला, थोडं पीठ उडालं. मी त्याच्याकडे बघत होतो. नाक वर गेलं नाही. ओठ मिटले नाहीत. त्यानं नेहमीसारखा श्वास घेतला आणि सगळं आत गेलं. खोकत खोकत तो मागे सरला, रस्त्यापलीकडच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत गेला, तिथल्या स्टुलावर बसला. शिंप्यानं पाणी दिलं. खोकला थांबल्यावर तो स्वतःचे ओठ बोटानं चाचपून बघत होता. चाळीस वर्षं दारावर बसलेला कोणीतरी उठून गेला होता.

तेव्हापासून ते स्टूल त्याचं. सकाळी औषध, गुळण्या, सतरा पायऱ्या खाली, रस्ता ओलांडायचा आणि बसायचं. मी शेजारी. मी बोलतो, तो ऐकतो, शिंपी मधेमधे हसतो. समोर दारातून गिरणी दिसते. पिशवीतून पीठ कसं पडतंय, एवढंच बघून त्याला कळतं. लेक दारात येऊन हात वर करते, बोटं चोळते. तो इथून मान हलवतो किंवा मूठ उघडतो.

काल त्यानं तसंच बघता बघता दोन बोटं स्वतःच्या गुडघ्यावर आपटली, टक टक. लेकीला ती खूण माहीत नव्हती. तिनं खांदे उडवले. मला माहीत होती. दगड गुळगुळीत झालाय, टाकी लावायला हवी.

मी हत्यारांची पिशवी उचलली, तोंडाला फडकं बांधलं आणि रस्ता ओलांडून आत गेलो.